मास्क काढा घटकाभर

संजू म्हणाला, "नाना, समाजाच्या अंकासाठी आईवर चार ओळी द्या." त्याने स्वतःच मजकूर लिहून आणला होता. तू प्रेमळ होतीस, धर्मपरायण होतीस, सोशिक होतीस, असं त्यात होतं. मी पेन घेतलं आणि आधी सोशिक खोडलं. तू आणि सोशिक? भाजीवाल्याने कोथिंबीर कमी घातली तर त्याला ठेल्यासकट गल्लीच्या तोंडापासून परत बोलावणारी बाई तू. मग धर्मपरायण खोडलं. टेकडीवर देवीला जायचीस ती दर्शनाला कमी, वाटेत बसून बायकांशी बोलायला जास्त. प्रेमळ राहू दिलं. पण तो शब्द एकटा कागदावर बरा दिसेना. मग कागदच फाडला आणि हे लिहायला बसलो.

माझी शाळा पाचवीपर्यंतची, तुला ठाऊक आहे. जन्म गेला मोटरी वाइंड करण्यात. तांब्याची तार मला सरळ गुंडाळता येते, वाक्य येत नाही. सांभाळून घे. तुला सवय आहे.

लोक भेटायला येतात. विचारतात, काय झालं होतं? मी म्हणतो, दमा. ते मान हलवतात आणि चहा पितात. दमा नव्हता तो. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं होतं, इंग्रजी होतं, डोक्यात राहिलं नाही. अर्थ राहिला. कंड्यांचा धूर.

धारला माहेरी तू गोवरीच म्हणायचीस. देवासला आलीस, शेजारच्या मालवी काकींकडून बाफले शिकलीस, आणि गोवरीचे कंडे झाले. कणकेचे गोळे पाण्यात उकडायचे, कंड्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे. ऐकायला सोपं. पण तुझा हात असा बसला की लग्न असो, बारसं असो, मालवी घरांतून निरोप यायचा, "बाफले तो काकी के हाथ के ही चाहिए, भिया." मराठी बाईच्या हातचे बाफले मालवी पंगतीत! माझी छाती फुगायची. तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "छाती नंतर फुगवा, आधी परात उचला."

त्या धुराने तुझी छाती आतून खाल्ली. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. मी म्हणायचो, गॅसवर भाज. तू म्हणायचीस, "गॅसवर भाजतात ती पोळी. बाफल्याला कंडा लागतो." मी म्हणायचो, कंडे तुला खातील. तू म्हणायचीस, "आजवर कंड्यांनी खायला घातलंय." यावरचं उत्तर मी अजून शोधतोय. सुचलं तर सांगेन.

मागच्या हिवाळ्यात नालछा गावच्या लग्नातून परतलीस ती खोकतच. सर्दी आहे म्हणालीस. मग एका सकाळी बघतो तर तू बसल्या जागी झोपत होतीस. ओठ जांभळे. एका श्वासात एकच शब्द. संजूने गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई वयाने आपल्या नातीएवढी वाटली मला. तू ऐकलं असतंस तर, वयावरून जोखतो म्हणून तिथेच मला बोलली असतीस. भोपाळकडची, शहरात वाढलेली, पण बोलायला साफ. म्हणाली, "दादाजी, ऑक्सिजन तो कम है ही, पर असली दिक्कत दूसरी है. अंदर की खराब हवा बाहर नहीं निकल रही. वो खून में भर गई है. इसी से नींद आती है, आदमी बहकने लगता है."

मी म्हणालो, "तो निकालो बाहर."

"मशीन लगा रहे हैं."

मला वाटलं, मशीन म्हणजे गळ्यात नळी. तसं नव्हतं. तोंडनाक झाकणारा एक मास्क, मागे पट्टे, आणि एक लांब नळी डब्यासारख्या मशीनला जोडलेली. सिस्टरचं नाव रेखा. तिने पट्टे लगेच बांधले नाहीत. आधी मास्क नुसता हाताने तुझ्या तोंडाला धरला, जसं लहान पोराला वाटी लावतात. तू ढकललास. तिने परत धरला. "काकी, पहली साँस इसकी, दूसरी आपकी. लड़ो मत इससे." तू मला नंतर सांगितलंस, तोंडावर चालू पंखा बांधल्यासारखं वाटलं म्हणून. जीव घाबरला, पण बाईचा हात गरम होता, म्हणून राहू दिलं.

मी मशीनला कान लावून ऐकलं. जुनी खोड. तू श्वास आत ओढलास की मशीन जोर लावायचं. तू सोडायला लागलीस की जोर कमी करायचं, पण पूर्ण सोडायचं नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ही श्वास घेते, का मशीन घेतं?"

"साँस माँजी ही ले रही हैं. मशीन हाथ लगा रही है."

"म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारा माणूस."

"हाँ, वही. पर गाड़ी चालू रहनी चाहिए." मग तिने खरी गोष्ट सांगितली. म्हणाली, थोड्या वेळाने मनगटातून रक्त काढून बघू. रक्त सुधारलं आणि शुद्ध राहिली, तर मास्कवरच निभावून नेऊ. पण शुद्ध हरपत असली तर मास्क ठेवणं धोक्याचं. उलटी झाली तर छातीत जाईल. मग गळ्यात नळी घालून मोठ्या व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. "और इनके फेफड़े ऐसे हैं कि नली एक बार गई, तो निकालना मुश्किल होता है."

म्हणजे सगळं तुझ्या शुद्धीवर आलं.

आम्हाला बाहेर बसवलं. संजू फोनवर इंदूरचे दवाखाने विचारत होता. दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आली. तोंड पाडलेलं. म्हणाली, रक्त किंचित बरं आहे, पण शुद्धीचं काही खरं नाही. पूर्ण नाव विचारलं, तर तू आपलं सांगितलंस, आडनाव सांगितलंस, मधलं गाळलंस. आज तारीख काय विचारलं, तर काहीतरी संकष्टी संकष्टी म्हणालीस. आणि नवऱ्याचं नाव विचारलं, तीनतीनदा विचारलं, तर नुसती बघत राहिलीस. "पति का नाम ही याद नहीं है. नली की तैयारी करनी पड़ेगी. साइन चाहिए."

संजूचा हात पेनाकडे गेला. माझाही गेला असता. मला खरंच वाटलं, गेली ही, विसरली मला. मी म्हणालो, एकदा बघू द्या.

आत आलो. तू मास्कमध्ये. डोळे अर्धे मिटलेले, अंगाला तारा. डॉक्टरीणबाईने तुझा खांदा हलवला आणि माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "माँजी, ये कौन हैं? इनका नाम क्या है?"

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे पाहिलंस. आणि तुझा हात अंगावर काहीतरी शोधायला लागला. लुगडं तर काढून ठेवलेलं. मग तुला दवाखान्याची हिरवी चादर सापडली. तिचं टोक धरलंस आणि मास्क, पट्टे, नळी सगळ्यासकट डोक्यावरून पदर घेतलास.

मी आयसीयूत मोठ्याने हसलो. हो, हसलो. रेखा सिस्टर दचकली. संजूला वाटलं, आता बापही गेला.

मी म्हणालो, "मॅडम, ये पूरे होश में है. मेरे से ज़्यादा होश में है. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून हिने माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. और आज संकष्टी ही है. चतुर्थी का उपास. ही उपाशी आहे, तेही हिला आठवतंय."

डॉक्टरीणबाईने तुझ्या पदराकडे पाहिलं. मग म्हणाली, "पर दादाजी, मैं आपकी बात पे कैसे छोड़ दूँ? मुझे तो इनसे सुनना है."

बरोबर बोलली. तिच्या जागी मी असतो तर मीही मोटर चालवून बघितल्याशिवाय सोडली नसती. मी तुझ्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "ऐकतेस का? नाव घे. नाहीतर हे लोक नळी घालतात."

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी भर बाजारात काही भलतंच मागितलं. मग सिस्टरला बोटाने खूण केलीस. तिने डॉक्टरीणबाईकडे पाहिलं, आणि मास्क जरा वर उचलला.

"धारचं माहेर…" म्हणालीस. श्वास. सिस्टरने मास्क परत टेकवला. मशीनने दोनचार फुंकरी मारल्या. परत उचलला. "देवासचं सासर…" परत मास्क. मला वाटलं संपलं, इथवरच जमलं. पण तू हात वर केलास, थांबा म्हणून. चौथा श्वास का पाचवा, ठाऊक नाही. "भगवंतरावांचं नाव घेते… मास्क काढा घटकाभर."

जुना नव्हता हा उखाणा. लग्नात म्हटला होतास तो वेगळाच होता. हा तू तिथे, त्या पलंगावर, रक्तात घाण हवा भरलेली असताना, जुळवलास. सासर आणि घटकाभर. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण असं काम कुणाला करताना पाहिलं नाही.

मी हिंदीत अर्थ सांगितला. डॉक्टरीणबाई आधी हसली, मग डोळ्यांना हात लावला, मग लगेच कामाला लागली. मास्क बांधला, दाब थोडा वाढवला, म्हणाली, "नली अभी नहीं. थोड़ी देर में फिर खून देखेंगे." परत रक्त पाहिलं तर अजून सुधारलं होतं. मला म्हणाली, आता सगळ्या बायकांना नवऱ्याचं नाव विचारायचं सोडून देते.

सिस्टर आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईची सून माझ्या मागे लागल्या. "काका, अब आपकी बारी." पुरुषालाही घ्यावं लागतं ना नाव. मी म्हणालो, घरी गेल्यावर बघू, आणि चहाला निघून गेलो. तेव्हापासून तू मला सोडलं नाहीस. "तुमचं राहिलंय." उठता बसता. भाजी चिरताना. "तुमचं राहिलंय हो." मी म्हणायचो, जुळत नाही. तू म्हणायचीस, "मला मास्कमध्ये जुळलं, तुम्हाला मोकळ्या तोंडाने जुळेना?"

घरी आलीस ती मशीन घेऊनच. छोटं, झोपताना लावायचं. तू त्याला नणंद नाव ठेवलंस. उशाशी बसते, सारखी फुसफुसते, आणि हिच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही, म्हणून. वीज जायची म्हणून मी इन्व्हर्टर बसवला. तू म्हणालीस, "लग्नात माझ्यासाठी एक पंखा नाही आणलात, नणंदेसाठी बॅटरी आणली." नाकावर मास्कचा वण पडला होता तो आरशात बघायचीस आणि म्हणायचीस, कुस्तीगिराला मोडका कान असतो तसं माझं हे.

रेखा सिस्टरचा एकदा फोन आला. कन्नौदकडची एक बाई आली होती, अशीच छाती भरलेली, आणि मास्क लावू देईना. ओरबाडून काढून टाकत होती. सिस्टर म्हणाली, "काकी, दस मिनट आ सको तो." तू लुगडं बदललंस, नथ घातलीस. मी म्हणालो, दवाखान्यात नथ? "तिला दिसायला हवं, इथून माणूस नटून परत येतं."

मी दारातून पाहत होतो. तू तिच्या पलंगावरच बसलीस. तिचा हात आपल्या मांडीवर घेतलास. "देख बहन," म्हणालीस, तुझ्या त्या मोडक्या हिंदीत, "मेरे को भी लगा था कि गला दाबते. नहीं दाबते. ये धक्का देती. पहली साँस इसको दे, दूसरी अपनी रख." आणि तिच्याबरोबर तू स्वतः श्वास घ्यायला लागलीस, मोठ्याने, मास्कशिवाय, तुला त्रास होत होता तरी. ती बाई तुझ्या तोंडाकडे बघत तसा श्वास घ्यायला लागली. तिचा नवरा मला म्हणाला, "ये कौन है, भिया? डॉक्टर है?" मी म्हणालो, "मेरी घरवाली है." इतक्या जोरात म्हणालो की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

त्या परतीच्या वाटेवर, रिक्षात, तू तो विषय काढलास. म्हणालीस, "परत झालं तर मास्क चालेल. नळी नको." मी म्हणालो, हे तू ठरवणार का मी? तू म्हणालीस, "मास्क काढून दोन शब्द बोलता येतात. नळी घातली की तोंड बंद. आणि तुमची जिद्द मला ठाऊक आहे, तुम्ही मला नळीसकट ठेवून घ्याल." मी म्हणालो, ठेवेन, कुणाच्या बापाचं काय जातं. तू म्हणालीस, "माझं जातं." रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तू संजूला बसवून हेच सांगितलंस, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईलाही.

मग या थंडीत ते परत आलं. या वेळी न्यूमोनिया. मास्क लावला. सिस्टरला सांगावंही लागायचं नाही, तू स्वतःच पट्टे पुढे करायचीस. पण रक्त सुधरेना. डॉक्टरीणबाई म्हणाली, मास्कने जितकं होणार होतं तितकं झालं. आता नळी, नाहीतर मग त्रास कमी करत राहायचं. संजू म्हणाला, नळी घाला, इंदूरला नेऊ. तो मुलगा आहे, त्याने असंच म्हणायला हवं. "आई आता कुठे शुद्धीत आहे? तिला काय समजतंय?"

डॉक्टरीणबाई तुझ्याजवळ गेली. तुझं नाव विचारलं नाही, माझं विचारलं नाही, तारीख विचारली नाही. विचारलं, "काकी, बाफले पानी से कब निकालते हैं?"

तू डोळे उघडलेस. मास्क वर केलास. "ऊपर… तैरे तब." श्वास. "और जल्दी की… तो अंदर कच्चा."

डॉक्टरीणबाई संजूकडे वळली. "होश पूरा है. अब फैसला इनका." मग तुला विचारलं, नळीचं. तू मान हलवलीस. नाही. मग तुझे डोळे माझ्याकडे आले. ते भांडण रिक्षातलंच होतं, आणि मी हरलो नव्हतो, अजूनही नाही. मला नळी हवी होती. खोटं कशाला बोलू. पण त्या पहिल्या वेळी सगळ्यांना वाटत होतं तू भानावर नाहीस, आणि मी ओरडून सांगितलं होतं की आहे. आता तूच भानावर राहून सांगत होतीस, तर मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो की नाहीस?

मी म्हणालो, "तिने सांगितलंय तसं करा." संजू बाहेर गेला. माझ्याशी तो काही दिवस नीट बोलला नाही. बोलेल. तो तुझ्यावर गेलाय.

दुपारी मास्क काढून त्यांनी नुसता नाकाशी ऑक्सिजन ठेवला. धाप कमी व्हावी म्हणून औषध दिलं. तुझा चेहरा मला पुष्कळ दिवसांनी पूर्ण दिसला. नाकावर तो वण. मी चमच्याने चहा ओठांना लावला. तू चव घेतलीस, साखर कमी म्हणून तोंड वाकडं केलंस. मग म्हणालीस, "तुमचं… राहिलंय."

मी सांगायला लागलो. खरंच लागलो. पण आवाजच निघेना. गंमत बघ, हवा माझ्याकडे होती सगळी. तू माझ्या हातावर दोनदा थोपटलंस, राहू द्या म्हणून. ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. ते भिंतीवर जाईपर्यंत तू होतीस.

तुझ्या तेराव्याला मी बाफले करायला लावले. गॅसवर नाही. सून म्हणाली, "नाना, ज्या धुराने…" मी म्हणालो, ठाऊक आहे. अंगणात कंडे लावा, वाऱ्याच्या बाजूला कुणी बसू नका, आणि मी जुन्या मोटरीचा पंखा करून धूर लांब फेकला. म्हणजे अर्धं तुझं झालं, अर्धं माझं. पंगत बसली. मराठी होते, मालवी होते, रेखा सिस्टर आली होती, कन्नौदची ती बाई नवऱ्याबरोबर आली होती. वाढून झालं. कुणी घास घेणार तेवढ्यात मी उभा राहिलो.

संजू उठला. "नाना, काय करता? बसा." गुरुजींनी मान वर केली. शेजारचे म्हातारे हळू म्हणाले, भिया, सदमा लग गया.

मी म्हणालो, "मेरा होश पूरा है. बसा सगळे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तुला मी अगं म्हटलं, ऐकतेस का म्हटलं, संजूची आई म्हटलं. तुझं नाव आपल्या अंगणात मी कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. त्या दिवशी इतक्या मोठ्याने घेतलं की तो पंखा ऐकू येईना.

देवासची टेकडी, धारचा किल्ला,
इंदूचं नाव घेतो, ऐको सारा मोहल्ला.

घेतलं. आता उठता बसता म्हणू नकोस.